देवावर भरवसा आणि रोजचं आज्ञापालन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबल अभ्यासात, घरोघरच्या प्रार्थनासभांत आणि उपासना संपल्यावर दारात चपला घालता घालता जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक सोलापूरचे. कोणी यंत्रमागावर आहे, कोणी टॉवेलच्या कारखान्यात, कोणी घरी विड्या वळतं, कोणी नर्स, कोणी शिक्षक, कोणी एमआयडीसीत पाळीला जातं. मी पाळक (पास्टर) नाही, अभ्यासवर्ग चालवणारा साधा विश्वासणारा आहे. वचनांचे संदर्भ दिले आहेत, ते स्वतः उघडून वाचा. माझं म्हणणं कुठे वचनाशी जुळत नसेल तर माझं सोडा आणि वचन धरा.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मला आतून तसं काही वाटतच नाही.

वाटण्याची वाट पाहू नका. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र रात्रभर जाळी टाकून दमलेला आहे, हाती एक मासा नाही, जाळी धुऊन घरी जायची वेळ झालेली. तेवढ्यात प्रभू येशू त्याला सांगतो, खोल पाण्यात चल आणि जाळी टाक. मासेमारी हा पेत्राचा पिढीजात धंदा. दिवसाउजेडी तिथे काही मिळणार नाही हे त्याला कळत होतं आणि ते तो बोलूनही दाखवतो. पण पुढे म्हणतो, तुम्ही सांगताय म्हणून टाकतो. त्या क्षणी पेत्राच्या मनात उत्साह होता असं कुठेही लिहिलेलं नाही. होता तो थकवाच. तरी जाळी पाण्यात गेली.

अब्राहामाचंही तसंच. कुठे जायचंय हे ठाऊक नसताना तो निघाला (इब्री ११:८). आपला भरवसा कोणावर आहे हे आपण कोणाच्या शब्दावर पाऊल उचलतो त्यावरून दिसतं. मन शांत असेल तर देवाचे आभार माना. नसेल तर घाबरलेल्या मनानंच त्याचं ऐका, तोही भरवसाच आहे.

तारण कृपेनं मिळतं, मग आज्ञा पाळण्यावर एवढा भर कशाला?

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं आपल्याला तोंडपाठ असतात, दहावं मात्र राहून जातं. आठव्या-नवव्यात प्रेषित पौल सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी नाही, ते दान आहे. दहाव्यात सांगतो की देवानं आपल्याला सत्कर्मांसाठीच घडवलं आहे. ही तिन्ही वचनं एका दमात वाचावीत.

आज्ञा पाळून आपण देवाचं मन जिंकत नाही. त्यानं आधीच आपल्याला आपलंसं केलंय, म्हणून त्याचं ऐकायचं. योहान १४:१५ मध्ये प्रभू आज्ञापालन प्रीतीला जोडतो. मत्तय २१ मधले दोन मुलगेही आठवा. एक बापाला तोंडावर नाही म्हणाला आणि नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेला. दुसरा "हो, जातो" म्हणाला आणि घरीच बसला. रविवारी मोठ्यानं "आमेन" म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा दुसरा मुलगा ओळखीचा वाटायला हवा.

नोकरी, लग्न, घर, यात देवाची इच्छा कशी ओळखायची? चिठ्ठ्या टाकल्या तर चालतं का?

चिठ्ठ्या टाकून किंवा डोळे मिटून बायबल उघडून बोट पडेल ते वचन घेणारे बरेच जण आहेत. हेतू चांगला असतो, पण मी तसं करू नका असंच सांगतो. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या (प्रे. कृत्ये १:२६), हे खरं. पण तो प्रसंग पवित्र आत्मा उतरण्याच्या आधीचा आहे, आणि त्यानंतर मंडळीनं तसा निर्णय घेतल्याचं नव्या करारात दिसत नाही. पुढे ते प्रार्थना करतात, उपास करतात, एकत्र बसून बोलतात आणि ठरवतात (प्रे. कृत्ये १३ आणि १५).

देवाच्या इच्छेचा फार मोठा भाग आधीच स्पष्ट सांगून झालेला आहे. खरं बोला. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका (लेवीय १९:१३). न्यायानं वागा, दयेची आवड धरा, देवासमोर नम्रपणे चाला (मीखा ६:८). सर्व स्थितीत उपकार माना (१ थेस्सल. ५:१८). पुण्याची नोकरी घेऊ की सोलापुरातच राहू, हे विचारताना आपण महिनोन्‌महिने खूण मागत राहतो, आणि त्याच महिन्यांत सख्ख्या भावाशी अबोला चालू असतो. भावाशी बोलण्याबद्दल मात्र खुणेची गरजच नाही, ते सांगून झालंय. जे कळलंय ते करत राहणाऱ्याला जे कळलेलं नाही त्यातही हळूहळू दिशा मिळत जाते, असा माझा अनुभव आहे.

नोकरीचंच म्हणाल तर साधे प्रश्न विचारा. त्या कामात खोटेपणा करावा लागेल का? आईवडिलांकडे कोण पाहील? तिथे सहभागितेसाठी मंडळी आहे का? तुम्हाला चांगलं ओळखणारी वडीलधारी माणसं काय म्हणतात? याकोब १:५ प्रमाणे शहाणपण मागा आणि ठरवा. दोन्ही वाटा चांगल्या असतील तर कुठलीही धरा, देव दोन्हीकडे आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालेल्या पोराबरोबर तो जातो, आणि फलाटावरून परत फिरलेल्या आईबरोबर घरीही येतो.

मी कपड्याच्या दुकानात कामाला आहे. खोटं बोलल्याशिवाय माल खपत नाही. काय करू?

हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की सविस्तर लिहितो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे इथे, इथल्या पद्धतीनं तयार झालेल्या मालालाच ते नाव लावता येतं. बाहेरगावचं गिऱ्हाईक दुकानात येतं, चादर हातात घेऊन विचारतं, "ओरिजिनल सोलापुरीच ना?" समोर दोन थप्प्या असतात. एक इथल्या मागावरची, जड, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी. दुसरी कुठून तरी दुसरीकडून आलेली, हलकी, स्वस्त. मालकाला दुसरीत जास्त सुटतात. मालक गल्ल्यावर बसून तुमच्याकडे बघतोय. घरी भाडं थकलंय, आणि तुमच्या तोंडून फक्त एक "हो" निघायला हवा आहे.

बायबल मापातल्या लबाडीबद्दल अतिशय कडक बोलतं. खऱ्या तराजूची आज्ञा लेवीय १९:३५-३६ मध्ये आहे. तोलमापात फसवून गरिबाला नागवणाऱ्यांवर आमोस आठव्या अध्यायात तुटून पडतो. तेव्हा "धंद्यात चालतंच" हे उत्तर आपल्याकडे उरत नाही. गिऱ्हाइकाचा पैसा तर जातोच, शिवाय खरी चादर विणणाऱ्या मजुराचं कामही त्या एका "हो"नं जातं. आणि तो मजूर कदाचित तुमच्याच गल्लीत राहतो.

आता करायचं काय? मालकाशी दुकानात गिऱ्हाइकासमोर वाद घालू नका. दुकान बंद झाल्यावर, एकटं गाठून, नम्रपणे सांगा: "शेठ, मी माल मनापासून विकीन, पण जे नाही ते आहे असं मला सांगता येणार नाही." गिऱ्हाइकाला खरं सांगूनही माल विकता येतो. "ही सोलापुरी, ही तिकडची. ही स्वस्त पडेल, पण ती जास्त टिकेल," एवढं सांगायला काय लागतं? आमच्या ओळखीच्या एकानं असंच सुरू केलं. मालक आधी चिडला, मग त्यानं त्याला टॉवेलच्या काउंटरवर हलवलं. कमिशन कमी झालं ते झालंच. पुढे त्याला बढती मिळाली, मालक बदलला, असं काही घडलेलं नाही. तो अजून टॉवेलच विकतो आणि रात्री शांत झोपतो. आज्ञा पाळली की धंदा वाढतो असं वचन मला सापडलेलं नाही, म्हणून मी ते कोणाला देत नाही. देव सोडणार नाही (इब्री १३:५), हे मात्र वचनात आहे आणि ते मी छातीठोकपणे सांगतो.

नोकरीच गेली तर? तर मंडळीनं पुढे यायला हवं. खरेपणापायी एखाद्याची चूल विझत असेल आणि आपण त्याला नुसतं "प्रार्थना करतो" म्हणून वाटेला लावत असू, तर याकोब २:१५-१६ आपल्याबद्दलच लिहिलेलं आहे.

मी विड्या वळते. तंबाखूनं लोक आजारी पडतात हे कळतं. हे काम पाप आहे का?

ताई, तुमच्या मनाला हे टोचतंय, हीच मोठी गोष्ट आहे. सोलापुरात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर हे काम करतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, आणि हजाराच्या हिशेबानं कारखान्यात जमा करायचं. त्या पैशांवर मुलं शिकली आहेत, घरं उभी राहिली आहेत. दुसरं काम हाताशी नसलेल्या बाईला "हे सोड" असं सहज म्हणणाऱ्यांत मी नाही.

तरी धंद्यात नुकसान आहे हे झाकायचं नाही. देवाकडे दुसरी वाट मागा आणि ती शोधायलाही लागा: शिवणकाम, पोळीभाजी, शेंगाचटणी, भाकरी, बचत गट. मुलींना याच कामाला बसवू नका, शाळा सुटू देऊ नका. तंबाखूची धूळ तान्ह्या बाळापासून लांब ठेवा. तोवर मोजून दिलेला माल खरा द्या. यात ज्यांच्या हाती पैसा आणि निर्णय आहे त्यांच्यावर जबाबदारी तुमच्याहून कितीतरी जास्त आहे. चांगला मालही खराब म्हणून बाजूला काढून मजुरी कापणाऱ्यानं याकोब ५:४ वाचावं. अडवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असं तिथे आहे. मालक ख्रिस्ती असेल तर त्यानं ते गुडघे टेकून वाचावं.

देवावर भरवसा आहे तर मग बचत, विमा, साठवण हे अविश्वासाचं लक्षण आहे का?

नाही. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आपण पिंप, घागरी, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवतो. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. योसेफानं सात वर्षं धान्य साठवलं, तेही देवानं दाखवलं म्हणून (उत्पत्ती ४१). प्रभूनं मत्तय ६ मध्ये मना केली आहे ती चिंतेला, आणि धनाची चाकरी करायला. निर्गम १६ मधला मान्नाही आठवा, म्हणजे रानात देवानं रोज पुरवलेलं अन्न. उद्याच्या भीतीनं ठेवला त्याला किडे पडले, आणि शब्बाथासाठी (विश्रांतीच्या दिवसासाठी) देवानं सांगितलं म्हणून ठेवला तो चांगला राहिला.

स्वतःला एक विचारा: माझ्या साठवणीतून शेजाऱ्याला एक घागर देताना हात आखडतो का?

शेजारी प्रेमानं प्रसाद देतात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला बोलावतात. घ्यावं? जावं?

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एका वाड्यात राहत आली आहेत. नाताळला आपल्या करंज्या त्यांच्या घरी जातात, त्यांचा फराळ आपल्याकडे येतो. हे नातं देवाचं दान आहे. ते तोडून कोणाची साक्ष उजळत नाही.

पौलानं हा विषय १ करिंथकरांस ८ आणि १० मध्ये बारकाईनं हाताळला आहे. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा. अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं तर जा आणि वाढतील ते खा. पण "हे मूर्तीला वाहिलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका. संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीचा चिवडा-लाडू मी आनंदानं घेतो. प्रसाद म्हणून दिलेलं मी घेत नाही. हात जोडून म्हणतो, "काकू, तुमचं प्रेम पोचलं. मला हे चालत नाही, पण चहा मात्र घेऊन जाणार." माझ्या अनुभवात आजवर कोणी रागावलेलं नाही. माणसं दुखावतात ती तुच्छतेनं. तोंड वाकडं करणं, नंतर ते कचऱ्यात टाकणं, त्यांच्या देवाबद्दल टोचून बोलणं, यातलं काहीही ख्रिस्ताच्या शिष्याला शोभत नाही.

यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर मुलांना पाळण्यात बसवायला नेलं, भजी खाल्ली, यात मला वावगं दिसत नाही. पूजेत सहभाग ही वेगळी गोष्ट, तिथे मी थांबतो. नोकरीमुळे पूजेच्या वेळी नुसतं हजर राहावं लागतं, त्यांनी २ राजे ५:१७-१९ वाचावं. धन्याला हाताचा आधार द्यायला त्याच्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल, असं अरामी सेनापती नामान कळवळून सांगतो, आणि संदेष्टा अलीशा त्याला शांतीनं जा म्हणतो. काही विश्वासणारे माझ्याहून कडक वागतात. त्यांच्या विवेकाचा मान ठेवा आणि त्यांच्यासमोर ताटावरून वाद घालू नका.

औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं का? एका सभेत गोळ्या बंद करायला सांगितलं.

गोळ्या बंद करू नका. शुगर, बीपी, फिट्स, टीबी, मानसिक आजार, कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. कोणी व्यासपीठावरून सांगितलं तरी नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४). पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी काय घ्यावं हे पौल तीमथ्याला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करा असंही वचन सांगतं (याकोब ५:१४). दोन्ही करा.

मन खचलं असेल तर त्याची लाज बाळगू नका. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं आणि खाऊ घातलं, आणि बोलणं नंतर केलं (१ राजे १९).

आम्ही उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली, तरी माणूस गेलं. आता भरवसा कसा ठेवू?

इथे उत्तर देण्यापेक्षा तुमच्या शेजारी बसावंसं वाटतं. तरी विचारलंय म्हणून जे मला धरून ठेवतं ते सांगतो.

"तुमचा विश्वास कमी पडला" असं तुम्हाला कोणी म्हटलं असेल तर ते मनातून काढून टाका. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही (लूक २२:४२). पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला आणि कृपा मिळाली (२ करिंथ १२). यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही तुमच्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३:१७-१८). त्या "तरी"त मला सगळा ख्रिस्ती भरवसा दिसतो.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळानं आणि समाजानं टाकलेल्या शेकडो मुली-विधवांना या बाईनं घर दिलं. पण त्यांचं स्वतःचं घर? १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. उरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा, आईच्या कामाचा उजवा हात, १९२१ मध्ये गेली. त्या वेळी रमाबाई स्वतः थकलेल्या, आजारी होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सगळं बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं चालवलं होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या. मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल का? देवानं प्रत्येक वेळी मागितलेलं दिलं म्हणून त्या टिकल्या, असं त्यांचं आयुष्य वाचून म्हणता येत नाही. देव कोण आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या टिकल्या.

आत्ता तुम्हाला गाणं म्हणता येत नसेल तर म्हणू नका. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाच्या वचनात आहे. रडत केलेली तक्रारसुद्धा त्याच्याकडेच केलेली असते. आणि मंडळीतल्या इतरांना विनंती: महिनाभर डबा पोचवा, हॉस्पिटलची बिलं आणि मृत्यूचा दाखला यासाठी कोणाला तरी बरोबर पाठवा, "देवाची योजना असते" हे वाक्य तूर्त तोंडातच ठेवा.

शंका येणं पाप आहे का?

नाही. मार्क ९:२४ मधल्या बापाची प्रार्थना पाठ करा. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर, असं तो ओरडून म्हणतो, आणि त्याचं लेकरू बरं होतं. तुरुंगातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही शंका आली. त्यानं ती मनात न ठेवता थेट येशूकडे पाठवली (मत्तय ११). शंका दडवू नका, विचारा.

नवऱ्याचं, सासूबाईंचं, पाळकसाहेबांचं सगळं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं का?

आदर द्यायचाच आहे. पण माणसाची आज्ञा आणि देवाची आज्ञा आमनेसामने आल्या तर काय करायचं हे प्रेषितांनी न्यायसभेपुढे सांगून ठेवलंय (प्रे. कृत्ये ५:२९). इफिसकरांस ५ मध्ये पत्नीला अधीन राहायला सांगण्याआधी २१ व्या वचनात सगळ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय, आणि पतीला तर ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करायला सांगितलंय.

घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, देव बघतोय" हा सल्ला वचनातला नाही. तिथून बाहेर पडा, माहेरी किंवा भरवशाच्या घरी जा, पोलिसांत जा, महिला हेल्पलाइनला १८१ वर फोन करा. सुरक्षित जागी गेल्यानं लग्नाची शपथ मोडत नाही. ती मारणाऱ्यानं मोडलेली असते. पाळकसाहेबांनी किंवा मंडळीतल्या कोणी पैशाबद्दल, शरीराबद्दल काही अयोग्य मागितलं तर तेही ऐकायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही.

घरात मी एकटीच विश्वासात आले आहे. घरच्यांना कधी आणि कसं सांगू?

घाई करू नका. १ पेत्र ३:१-२ म्हणतं की शब्दांविना, नुसत्या वागण्यानंही माणूस मिळवला जाऊ शकतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काही काळ आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे दोघं एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं-ओवळं सांभाळलं, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. त्यांच्या मनातला जातिभेद त्यांनी स्वतः विचार करून टाकला आणि काही वर्षांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. धाकानं काहीच झालं नाही. घरात तुमचा आवाज खाली आला, उसनं घेतलेलं वेळेवर परत जाऊ लागलं, सासूबाईंच्या पायांना तेल लावणारे हात तुमचे असले, तर विचारणारे आपोआप विचारतील.

मी तेच पाप पुन्हा पुन्हा करतो. देव कंटाळला असेल का?

पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं आणि प्रभूनं त्याला किनाऱ्यावर न्याहारी करून खाऊ घातली (योहान २१). १ योहान १:९ उघडा आणि कबूल करा. मग काहीतरी प्रत्यक्ष बदला. दारूचं असेल तर पगाराच्या दिवशी घरी यायची वाट बदला आणि पगार बायकोच्या खात्यावर जमा करा. मोबाइलचं असेल तर रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. आणि एका विश्वासू भावाला सगळं सांगून ठेवा (याकोब ५:१६). व्यसन जुनं असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्या.

पाळीचं काम, वेळच मिळत नाही. वचन कधी वाचू?

रात्रपाळीहून आल्यावर अर्धं स्तोत्र वाचा आणि झोपा. तेवढं पुरे. जेवणाच्या सुट्टीत एक वचन पुन्हा पुन्हा मनात घोळवा. बाकी कलस्सै ३:२३ प्रमाणे मागावरचं कामसुद्धा प्रभूसाठी करता येतं. तुटलेला धागा कोणी बघत नसतानाही नीट जोडला तर ते त्याला दिसतं.

दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, दिला की देव दुप्पट देतो, हे खरं का?

असा सौदा करणाऱ्या वक्त्यांपासून सावध राहा. आनंदानं, मनात ठरवल्याप्रमाणे द्यायचं (२ करिंथ ९:७). कर्ज काढून देऊ नका. औषधाचे, फीचे पैसे वळवून तर मुळीच देऊ नका. आईवडिलांना लागणारा पैसा "देवाला वाहिला" म्हणून अडवणाऱ्यांना प्रभूनं खडसावलं आहे (मार्क ७:११-१३).

वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भाऊ बोलत नाही. क्षमा करायची म्हणजे हिस्सा सोडायचा का?

क्षमा म्हणजे सूड सोडणं. हिस्सा सोडायचा की नाही, हा वेगळा निर्णय आहे. सोडावासा वाटला तर सोडा, पण दबावाखाली नको. विशेषतः बहिणींना सांगतो, कायद्यानं तुमचा हक्क आहे. "ख्रिस्ती बाईनं मागू नये" हे भावांनी काढलेलं वचन आहे, बायबलमध्ये ते नाही. मोशेकडे जाऊन वडिलांचं वतन मागणाऱ्या सलाफहादाच्या मुलींचं म्हणणं रास्त आहे, असं परमेश्वरानंच सांगितलं (गणना २७).

मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी तुम्ही जा. भावानं यायला हवं हे बरोबर असेल, तरी तुम्ही जा. एकटे जा, कागद घेऊन जाऊ नका. पहिल्या भेटीत घराचा विषयच काढू नका, त्याच्या मुलांची, त्याच्या गुडघ्याची चौकशी करा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणं निघालं आणि जुळलं नाही, तर दोघांनाही मान्य असलेली एक-दोन वडीलधारी माणसं बरोबर घ्या (मत्तय १८:१५-१६). जे ठरेल ते लिहून काढा, सह्या करा, रीतसर नोंदवा, म्हणजे पुढच्या पिढीत पुन्हा भांडण नको. त्यांचंही तो ऐकत नसेल तर रोमकरांस १२:१८ तुमच्यापुरतं जितकं साधेल तितकंच मागतं. तेवढं करून झालं की त्याच्यासाठी प्रार्थना करत राहा, आणि पुढच्या नाताळला फराळाचा डबा त्याच्या घरी पाठवा, तो घेवो अथवा न घेवो.